निघून गेलेले आणि मागे राहिलेले : मराठी आत्मकथनांतील श्रद्धांतर

श्रद्धेच्या बदलाची कथा बहुधा बदललेला मनुष्यच सांगतो. ज्याच्या अंतःकरणात नवा प्रकाश पडला तोच लेखणी हाती घेतो, आणि प्रकाशापूर्वीचे सर्व आयुष्य त्या एका क्षणाकडे येणाऱ्या वाटेसारखे मांडतो. यात अस्वाभाविक असे काही नाही. परंतु भारतीय कुटुंबात श्रद्धांतर ही एका व्यक्तीच्या मनात सुरू होऊन तेथेच संपणारी घटना कधीच नव्हती. ज्या दिवशी घरातला एक मनुष्य नव्या देवाचा झाला, त्या दिवशी त्याच्या पत्नीच्या हातचे पाणी कोण पिणार, मुलांच्या मुंजी-लग्नांचे काय होणार, वृद्ध आईवडिलांच्या पंक्तीला कोण बसणार, हे प्रश्न त्याच क्षणी उभे राहत. मराठीत धर्मविषयक आत्मकथनांची जी परंपरा गेल्या तीन शतकांत निर्माण झाली, तिचे परीक्षण करताना लेखकाचा सिद्धान्त काय होता हे पाहण्याची वहिवाट आहे. तो निघाला तेव्हा मागे कोण राहिले, आणि मागे राहिलेल्यांना त्या ग्रंथात जागा किती मिळाली, हे पाहण्याची वहिवाट नाही. तसे पाहिले असता या परंपरेतील ग्रंथांचा क्रम काहीसा निराळा लागतो.

परंपरेच्या आरंभी बहिणाबाई (१६२८–१७००) उभ्या आहेत. त्यांच्या अभंगरचनेतील ‘आत्मनिवेदन’ या नावाचा भाग मराठीतील पहिल्या आत्मचरित्रांपैकी एक म्हणून ओळखला जातो. आत्मनिवेदन ही नवविधा भक्तीतील नववी भक्ती. तेव्हा या शब्दाच्या मुळाशी स्वतःची हकीकत सांगणे हा अर्थ नसून स्वतःला अर्पण करणे हा अर्थ आहे. तथापि बहिणाबाईंनी अर्पण केले ते नुसते मन नव्हे. वेदपाठी, ज्योतिष जाणणारा, वयाने पुष्कळ मोठा नवरा, कोल्हापुरातील बिऱ्हाड, तेथे ऐकलेली कीर्तने, गाईच्या वासराचा लागलेला लळा, आणि स्वप्नात तुकोबांनी केलेला अनुग्रह, हे सर्व त्यांनी तपशिलाने सांगितले आहे. ब्राह्मणाच्या पत्नीने शूद्र गुरू करावा ही गोष्ट गंगाधरपंतांना सहन झाली नाही. त्यांनी मारहाण केली हे बहिणाबाई लपवीत नाहीत. पुढे पत्नी गर्भवती असताना ते घर सोडून जाण्यास निघतात, आजारी पडतात, आणि त्या दुखण्यात त्यांचे मन पालटते. नंतर हे कुटुंब देहूस येऊन राहते व तेथे मंबाजीचा छळ वाट्याला येतो.

या निवेदनाचे वैशिष्ट्य असे की, येथे धर्माचे नाव बदललेले नाही, देवही बदललेला नाही. बदलला आहे तो केवळ गुरू. तरीही घराला बसलेला हादरा पुढील काळातल्या कोणत्याही धर्मांतराइतकाच मोठा आहे. शिवाय श्रद्धा पालटली पत्नीची आणि घर सोडून निघाला पती, हा क्रमही ध्यानात ठेवण्याजोगा आहे. नवरा निघून गेल्यास आपण कोठे राहावयाचे, ही भीती बहिणाबाईंनी परमार्थाच्या बरोबरीने नोंदवली. पतिव्रताधर्माचे त्यांचे अभंग वाचून आधुनिक वाचक कधी कधी नाराज होतो. ते अभंग या भीतीच्या शेजारी ठेवून वाचले, म्हणजे ती नाराजी बरीचशी ओसरते.

याच शतकात उत्तरेत बनारसीदासांनी ‘अर्धकथानक’ (१६४१) लिहिले. १६०५ साली अकबराच्या मृत्यूची वार्ता जौनपुरात पोहोचली तेव्हा बनारसीदास जिन्यावरून कोसळून जखमी झाले. इतकी शिवपूजा केली, मग पडताना शिवाने सावरले का नाही, असा विचार त्यांना पुढे सुचला व पूजा सुटली. ही हकीकत ते हसत हसत सांगतात. जैन व्यापाऱ्याच्या घरात शिवाचा शंख पुजला गेला काय आणि न पुजला गेला काय, पंक्तीला बाध येत नव्हता. या एका फरकामुळे बनारसीदासांना जो मोकळेपणा लाभला तो बहिणाबाईंना लाभणे शक्य नव्हते. म्हणून दोन्ही ग्रंथ एकाच शतकातले असूनही त्यांचे स्वर इतके दूरचे आहेत.

एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांच्या शाळा आल्या, छापखाने आले, आणि त्यांच्याबरोबर ‘साक्ष’ हा प्रकार मराठीत आला. साक्ष हा शब्द मराठीस नवा नव्हता. संतवाङ्मयात तो आहे आणि कचेरीतही आहे. परंतु प्रॉटेस्टंट ख्रिस्ती परंपरेत साक्ष म्हणजे प्रभूने आपल्या जीवनात काय केले याचे मंडळीसमोर केलेले कथन. या प्रकाराला स्वतःची अशी घडण असते. आधी अंधार, मग शंका, मग शोध, शेवटी प्रकाश. बाबा पदमनजी (१८३१–१९०६) यांनी आपल्या आत्मचरित्रास ‘अरुणोदय’ हे नाव दिले यातच ती घडण प्रकट होते. अरुणोदय म्हटला की त्यापूर्वीची सारी रात्र ठरते. बेळगावचे बालपण, कुळाचार, व्रते, उत्सव यांचे जे वर्णन पदमनजींनी केले आहे ते खरे म्हणजे रात्रीचे वर्णन म्हणून केलेले आहे. पण त्यांची स्मरणशक्ती त्यांच्या हेतूपेक्षा उदार होती. त्यामुळे खंडन करण्यासाठी सांगितलेला तपशील कित्येकदा ममतेने सांगितल्यासारखा उतरतो. एकोणिसाव्या शतकातील मराठी मध्यमवर्गाच्या घरगुती धर्माचे चित्र पाहिजे असेल, तर धर्माभिमान्यांच्या ग्रंथांपेक्षा हे धर्म सोडून गेलेल्याचे पुस्तक अधिक उपयोगी पडते.

‘अरुणोदया’चे आणखी एक महत्त्व आहे. १८४९ च्या सुमारास मुंबईत परमहंस सभा स्थापन झाली. जातिभेद मोडावा, एका ईश्वरास भजावे, ही तिची तत्त्वे होती. आणि सभासदाने परजातीच्या वा परधर्मीयाच्या हातचे पाव-पाणी घेणे ही तिची खरी कसोटी. मात्र हे सर्व गुप्तपणे चाले. १८६० च्या सुमारास सभेची कागदपत्रे चोरीस गेली, नावे उघड होण्याची धास्ती पडली, आणि सभा मोडली. या सभेचे प्रेरक दादोबा पांडुरंग (जन्म १८१४) यांनी आत्मचरित्र लिहिले आहे. अ. का. प्रियोळकरांनी ते १९४७ साली संपादून प्रसिद्ध केले. पण सभेच्या स्थापनेपर्यंत ते पोहोचतच नाही. व्याकरणकार दादोबा, सुरतेच्या मानवधर्मसभेतील दादोबा त्यात भेटतात. परमहंस दादोबा भेटत नाहीत. आपल्या धर्मविषयक ग्रंथावरही त्यांनी आपले नाव न घालता ‘एक जगद्वासी आर्य’ अशी सही केली होती. या सभेत वावरलेल्या आणि नंतर १८५४ मध्ये ख्रिस्ती झालेल्या पदमनजींनी मात्र तिच्याविषयी मोकळेपणाने लिहिले. गमावण्याजोगे जे होते ते त्यांनी आधीच गमावले होते. सभा सोडून पुढे गेलेल्या माणसाच्या लेखणीतूनच तिची हकीकत आपल्यापर्यंत यावी, आणि जे जातीत राहिले त्यांनी मौन पाळावे, हा योगायोग नव्हे. अर्थात पुढे गेलेल्याच्या दृष्टीला ती सभा म्हणजे अर्ध्या वाटेवरची धर्मशाळा वाटणार, हेही विसरून चालत नाही.

घरे कशी दुभंगत होती हे त्या काळच्या कायद्यांवरूनही दिसते. १८५० च्या कायद्याने धर्मांतर केलेल्यास वारसाहक्क शाबूत ठेवला. पत्नीचा किंवा पतीचा प्रश्न कायद्याने हाती घेतला तो सोळा वर्षांनंतर, १८६६ साली. ख्रिस्ती झालेल्या व्यक्तीचा जोडीदार केवळ धर्मांतरामुळे सहा महिने नांदण्यास आला नाही, तर न्यायालयाकडे दाद मागता येई. न्यायाधीश त्या जोडीदारास विचारी, नांदावयास तयार आहेस काय. नकार मिळाल्यास वर्षभराची मुदत देई. आणि नंतर विवाह रद्द होई. मालमत्तेची काळजी आधी आणि माणसांची मागाहून, हा क्रम त्या राज्यकर्त्यांच्या स्वभावास धरूनच होता. परंतु न्यायालयात ‘नाही’ म्हणणाऱ्या त्या स्त्रियांचे पुढे काय झाले, याविषयी धर्मांतरितांचे चरित्रवाङ्मय फारसे बोलत नाही.

पंडिता रमाबाईंच्या (१८५८–१९२२) संबंधात हा प्रश्न वेगळ्या रूपाने येतो, कारण त्यांच्यामागे राहण्यास कोणी उरलेच नव्हते. अनंतशास्त्री डोंगरे, त्यांची पत्नी आणि वडील मुलगी ही सारी दुष्काळाच्या दिवसांत एकामागून एक गेली. १९०७ साली इंग्रजीत लिहिलेल्या आपल्या साक्षीत रमाबाईंनी त्या दिवसांचे जे वर्णन केले आहे, त्याची बरोबरी करणारी पाने भारतीय आत्मचरित्रांत थोडीच सापडतील. हे कुटुंब तीर्थे करीत होते, पुराणे सांगत होते, असेल नसेल ते ब्राह्मणांना दान करीत होते, आणि उपाशी मरत होते. शास्त्रात सांगितलेले सर्व काही केले तरी देव हाकेला आला नाही. येथे श्रद्धेचा भंग वादविवादाने झालेला नाही, उपासमारीने झाला आहे. आणि रमाबाई तसे स्पष्ट सांगतात. पुढे कलकत्त्यात केशवचंद्र सेनांनी वेद वाचला आहे काय असे विचारले असता, स्त्रीला तो अधिकार नाही असे उत्तर या विदुषीने दिले. ही लहानशी नोंदही फार बोलकी आहे.

मात्र साक्षीच्या उत्तरार्धात तो प्रकार लेखिकेवर मात करतो. १८८३ साली इंग्लंडात वाँटेज येथे झालेला बाप्तिस्मा आणि १८९१ च्या सुमारास आलेला आंतरिक अनुभव यांत रमाबाई भेद करतात. पहिल्या वेळी ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त मिळाला तो दुसऱ्या वेळी, असा त्यांचा अभिप्राय आहे. हा भेद त्यांच्या दृष्टीने अत्यंत खरा असेल. पण १९०७ साली, मुक्तिसदनातील १९०५ च्या धर्मजागृतीनंतर मागे वळून पाहताना, १८८३ ते १८८६ मधील रमाबाई त्यांना केवळ अपुरी वाटली, आणि म्हणून तिला त्यांनी थोडक्यात आटोपले. ती अपुरी रमाबाई भेटते ती पत्रांत. अ. भ. शहा यांनी १९७७ साली संपादित केलेला हा पत्रव्यवहार ज्याने वाचला, त्याला साक्ष पुन्हा पूर्वीसारखी वाचता येत नाही. सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्रिमूर्तीच्या सिद्धान्तावरून चाललेला वाद त्यात आहे. अंडे घातलेला पदार्थ न खाण्याचा आग्रह आहे. आणि हा जातीचा अवशेष व अहंकार आहे, अशी जेराल्डिनची नाराजी आहे. क्रुसावर लॅटिन अक्षरे का असावीत, संस्कृत का नसावीत, ही पृच्छा आहे. ज्या देवास सर्व भाषा सारख्याच त्याला लॅटिनचे विशेष प्रेम असण्याचे कारण काय, हा त्या पृच्छेतला युक्तिवाद कोणत्याही शास्त्र्याला शोभण्यासारखा होता. धर्म बदलला तरी जिभेची चव आणि कानाची भाषा यांवर आपला अधिकार आहे, हे पंचविशीतल्या रमाबाईंनी परक्या देशात, ज्यांच्या अन्नावर राहावयाचे त्यांनाच ठणकावून सांगितले. साक्ष लिहिणाऱ्या रमाबाईंना ही गोष्ट सांगण्यासारखी वाटली नाही. पत्र हे दुसऱ्या दिवशीच्या उत्तराची वाट पाहत लिहिले जाते. साक्षीला शेवट आधीच ठाऊक असतो. इतिहासाच्या दृष्टीने पत्रांचे पारडे जड आहे ते यामुळे.

जे धर्म सोडून गेले नाहीत त्यांच्या घरीही पाण्याचा प्रश्न होताच. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये झालेल्या चहापानावरून जे प्रकरण उद्भवले आणि न्यायमूर्ती रानड्यांनी पुढे जे प्रायश्चित्त घेतले, त्याची घरातली बाजू रमाबाई रानडे यांच्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ (१९१०) या पुस्तकात वाचावयास मिळते. पतीविषयीच्या आदराने ते पुस्तक इतके भरलेले आहे की, नाराजी तेथे कुजबुजीनेच व्यक्त होते.

धर्मानंद कोसंबी (१८७६–१९४७) यांचे ‘निवेदन’ (१९२४) हा या परंपरेतील सर्वांत स्वच्छ ग्रंथ होय. गोव्यातील साखवाळ गावचा, शालेय शिक्षण जवळजवळ न झालेला एक तरुण ‘बालबोधमेवा’ या मुलांच्या मासिकात बुद्धाचे चरित्र वाचतो आणि त्याचे जीवितध्येय ठरून जाते. ते मासिक अमेरिकन मिशनचे होते. हिंदू मुलांच्या हाती ख्रिस्ताची वार्ता जावी म्हणून काढलेल्या नियतकालिकाने महाराष्ट्राला त्याचा पहिला आधुनिक बौद्ध पंडित दिला, यापरते विलक्षण काय असावे! १८९९ साली कोसंबी घराबाहेर पडले. पुण्यास डॉ. भांडारकरांची भेट, काशीस अन्नछत्रात जेवून संस्कृतचे अध्ययन, नेपाळात बौद्ध धर्माची झालेली अवस्था पाहून आलेली निराशा, बुद्धगया, कलकत्ता, आणि शेवटी सिलोनात विद्योदय परिवेणात सुमंगलाचार्यांपाशी १९०२ साली घेतलेली दीक्षा, हा प्रवास त्यांनी अत्यंत साध्या भाषेत सांगितला आहे. चमत्कार नाही, साक्षात्कार नाही, पूर्वायुष्याचा धिक्कारही नाही. पैसे किती होते, कोणी मदत केली, कोणती भाषा किती आली, हेच तो प्रवासी पुनःपुन्हा सांगतो. ज्ञानाची भूक हीच ज्याची श्रद्धा, अशा माणसाचे हे आत्मकथन आहे. त्यामुळे पदमनजींचा अभिनिवेश आणि रमाबाईंचे आत्मसमर्पण या दोहोंपासून ते सारखेच दूर राहते. याच लेखकाचा ‘भगवान बुद्ध’ हा ग्रंथ साहित्य अकादमीने पुढे अनेक भारतीय भाषांत नेला. ‘निवेदना’ला मराठीबाहेर वाचक मिळण्यास मात्र मीरा कोसंबी यांच्या इंग्रजी अनुवादापर्यंत, म्हणजे एकविसाव्या शतकापर्यंत थांबावे लागले.

परंतु १८९९ साली साखवाळास कोसंबींची तरुण पत्नी आणि अर्भक कन्या राहिल्या होत्या. कोसंबींना याची टोचणी नव्हती असे कोणी म्हणणार नाही; आपल्या मनाची ओढाताण त्यांनी प्रामाणिकपणे नोंदली आहे. तरी ग्रंथाचा रस्ता काशीकडे जातो, साखवाळास थांबत नाही. १९०६ साली ते भिक्षुवेष उतरवून परत आले, संसार पुन्हा सुरू झाला, पुढच्याच वर्षी दामोदर या पुत्राचा जन्म झाला. मधल्या सात वर्षांचे ‘निवेदन’ दुसऱ्या बाजूने कोणी लिहिले नाही. सिद्धार्थाच्या महाभिनिष्क्रमणाची कथा ज्याने हृदयाशी धरली त्याच्या हातून यशोधरेची कथा पुन्हा एकदा घडली, आणि ती तितकीच अलिखित राहिली. कोसंबींच्या थोरवीस याने बाध येतो असे नव्हे. पण ‘निवेदन’ वाचून जो आदर उत्पन्न होतो तो या रिकाम्या जागेकडे पाहूनही टिकतो की नाही, हे प्रत्येक वाचकाने आपल्याशी ठरवावयाचे आहे.

ही रिकामी जागा मराठीत जवळजवळ एकट्या लक्ष्मीबाई टिळकांनी भरली. ‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत प्रसिद्ध झाली, आणि तेव्हापासून तिच्या विनोदाची, निर्व्याज भाषेची वाखाणणी अखंड होत आली आहे. ती योग्यच आहे. परंतु या स्तुतीमुळे ग्रंथाचा गाभा थोडा झाकला गेला. ‘स्मृतिचित्रे’ हा श्रद्धेविषयीचा ग्रंथ आहे, आणि मराठीत त्या विषयावर याहून सखोल गद्य लिहिले गेलेले नाही.

ग्रंथाचा आरंभच पाहावा. लक्ष्मीबाईंचे वडील नाना गोखले यांचे सोवळे हा पहिला विषय. १८५७ च्या धामधुमीनंतर त्यांच्या सासऱ्यांना फाशी झाली. त्या आघाताने नानांच्या मनात विटाळाची कल्पना अशी शिरली की, बाजारातून आलेले मीठसुद्धा धुऊन घ्यावे. घरातल्या बायका या धुण्यापुसण्यात पिचून निघाल्या. इतिहासकाराने १८५७ च्या परिणामांची यादी करताना हे मीठ कधी त्या यादीत घातले नाही. लक्ष्मीबाई त्याविषयी चीड दाखवीत नाहीत, सिद्धान्त काढीत नाहीत, हसवतात. पण पुढे ज्या स्त्रीची सारी आध्यात्मिक झुंज शिवाशिवीशी व्हावयाची आहे, तिने आपल्या कथेची पहिली रेघ येथे ओढावी यात मोठा विवेक आहे.

नारायण वामन टिळकांना १८९३ साली आगगाडीत एका परदेशी सहप्रवाशाने ‘नवा करार’ दिला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. ही हकीकत टिळकांच्या चरित्रकारांनी सांगितली तेव्हा ती आगगाडीतून सुरू होते. ‘स्मृतिचित्रे’मध्ये ती घरात सुरू होते. पत्रे येतात, अफवा येतात, लोक सांत्वनास येतात, आणि सवाष्ण असून विधवेसारखी दशा झालेली पंचविशी ओलांडलेली स्त्री, लहान मुलाला घेऊन, पंढरपुरासारख्या क्षेत्रात नातलगांच्या आश्रयाने दिवस काढू लागते. नवरा जिवंत आहे, प्रेम करतो, पत्रांतून कविता पाठवतो, आणि तरी त्याच्या घरचे पाणी वर्ज्य आहे. १८६६ च्या कायद्याची वाट टिळकांना मोकळी होती. ते तिकडे वळले नाहीत. त्यांनी वाट पाहिली. लक्ष्मीबाईंनी मात्र वाट पाहिली असे म्हणता येत नाही, कारण कशाची वाट पाहावयाची हेच त्यांना कळत नव्हते. ही अनिश्चितता त्यांनी पन्नास वर्षांच्या संसारानुभवानंतरही पुसून टाकली नाही. आपण पुढे ख्रिस्ती होणार हे ठाऊक असलेली लेखिका त्या पानांत कोठेही डोकावत नाही. साक्षीच्या प्रकाराला जे साधत नाही ते हेच.

पुढे त्या पतीकडे आल्या त्या प्रथम वेगळ्या चुलीवर, वेगळ्या पाण्यावर. एका छपराखाली दोन धर्म, दोन घागरी. त्यांच्या मनातली गाठ सुटली ती ख्रिस्ताच्या देवत्वाच्या प्रश्नावर नव्हे. जात देवाने केली की माणसाने, या प्रश्नावर सुटली. माणसाने केली असे उत्तर मिळताच त्यांनी कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्याचे ठरवले आणि तसे केले. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली. हा क्रम सिद्धान्तवाद्यांना उलटा वाटेल. पण परमहंस सभेच्या पाव-पाण्यापासून वाँटेजच्या अंड्यापर्यंत आणि पंचहौदाच्या चहापासून राहुरीच्या घागरीपर्यंत जी मालिका दिसते, तीत हा क्रमच नैसर्गिक आहे. महाराष्ट्रात श्रद्धा प्रथम हातातोंडाशी भिडते, मस्तकाशी मागाहून.

लक्ष्मीबाईंच्या या कथनास काही मर्यादाही आहेत. टिळकांच्या मनात काय चालले होते याचा त्यांना नेहमीच पत्ता लागत होता असे नाही. तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे मानणाऱ्या कवीची घडामोड समजून घेण्यास त्याच्या कविताच वाचाव्या लागतात. टिळक रागीट, उधळे, मनस्वी. मिळालेला पैसा वाटेतच दुसऱ्याच्या हाती देणारे. घर चालवणाऱ्या स्त्रीच्या नजरेला यातील उधळेपणा आधी दिसणार. पण १९१७ मध्ये मिशनची पगारी चाकरी सोडून टिळक साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ उभारण्यास निघाले, संन्यस्त वृत्तीने राहू लागले, तेव्हा पुन्हा तीच जुनी गोष्ट उभी राहिली. नवऱ्याला देव दुसऱ्यांदा सापडला आणि पत्नी दुसऱ्यांदा मागे राहिली. या वेळी धर्म एकच होता, पाणी एकच होते, तरी अंतर पडलेच. हा प्रसंग टिळकांच्या ख्रिस्ती चरित्रांत शिखरासारखा येतो. ‘स्मृतिचित्रे’त तो घरातल्या बोलाचालीतून, रुसव्याफुगव्यातून येतो, आणि म्हणून त्याची दोन्ही रूपे दिसतात. १९१९ साली टिळक गेल्यावर त्यांचे अपुरे ‘ख्रिस्तायन’ पुढे नेले ते याच मागे राहिलेल्या, जेमतेम शिकलेल्या स्त्रीने. टिळकांनी लिहिलेल्या अध्यायांपेक्षा लक्ष्मीबाईंचे अध्याय कितीतरी अधिक आहेत. ‘स्मृतिचित्रे’ इंग्रजीत प्रथम १९५० साली गेली आणि २०१७ साली शांता गोखले यांनी तिचा नव्याने अनुवाद केला; मराठीबाहेरच्या वाचकास या एका ग्रंथावरून सर्व परंपरेची पारख करता येण्याजोगी आहे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या कथनांचे स्वरूप मुळातून पालटले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात डॉ. आंबेडकरांनी बौद्ध धर्माची दीक्षा घेतली व लाखो अनुयायांना दिली. येथे एक मनुष्य निघाला आणि घर मागे राहिले, असे घडले नाही. घरेच्या घरे निघाली. त्यामुळे या धर्मांतरानंतरच्या आत्मकथनांत, दया पवारांच्या ‘बलुतं’मध्ये (१९७८) असो की ऊर्मिला पवारांच्या ‘आयदान’मध्ये (२००३), अंधाराकडून प्रकाशाकडे जाणारी एकट्याची वाट आढळत नाही. ज्या पाण्याने लक्ष्मीबाईंना पाच वर्षे अडवले त्या पाण्याची दुसरी बाजू येथे प्रथमच दिसते. विटाळ होईल म्हणून जे जपत होते त्यांच्याऐवजी, ज्यांच्यामुळे विटाळ होतो असे मानले गेले, ते बोलू लागले. कोसंबींनी पोथ्यांतून शोधून आणलेला बुद्ध आणि या पुस्तकांतला बुद्ध यांत जे अंतर आहे ते मुख्यतः या बाजूच्या बदलाचे आहे.

बेबी कांबळे (१९२९–२०१२) यांचे ‘जिणं आमुचं’ (१९८६) या दृष्टीने फार महत्त्वाचे. महारवाड्यातील देवदेवस्की, अंगात येणे, पोतराज, मरीआईचे नवस यांचे त्यांनी केलेले वर्णन वाचताना बाबा पदमनजींची आठवण होते. खंडनाचा हेतू तोच, तपशिलाची श्रीमंतीही तीच. फरक सर्वनामाचा आहे. पदमनजी ‘मी’ म्हणतात आणि सुटलेला मनुष्य म्हणून मागे पाहतात. बेबीताई ‘आम्ही’ म्हणतात. अंगात आलेली बाई त्यांना भ्रमिष्ट वाटत नाही. वर्षभर पिचलेल्या सुनेला मोठ्याने बोलण्याची मिळालेली तेवढी एकच संधी त्यांना तेथे दिसते. बाबासाहेबांच्या वाणीने हे सर्व कसे झडून गेले ते त्या अभिमानाने सांगतात, आणि त्या ‘आम्ही’त मागे कोणीच राहिलेले नाही असा वाचकाचा समज होतो. हे लिखाण त्यांनी सुमारे वीस वर्षे घरात लपवून ठेवले होते. नवऱ्याच्या दृष्टीस पडू नये म्हणून ते अडगळीत दडवावे लागे. पुस्तकात याचा उल्लेख नाही. इंग्रजी अनुवादाच्या वेळी माया पंडित यांनी घेतलेल्या मुलाखतीत तो प्रथम आला.